सकाळी टाच टेकवत नाही? प्लांटर फॅसायटिसवर काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

मी ठाण्यात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. टाच दुखतेय म्हणून येणाऱ्या माणसांचं बहुतेक सगळं करून झालेलं असतं. तळपायाखाली बाटली फिरवून झाली, तिळाचं तेल चोळून झालं, गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून झाले, ऑनलाइन मागवलेले जेलचे हील कप बुटात घालून झाले, सोसायटीतल्या कोणीतरी सांगितलं म्हणून एक्स-रे पण काढून झाला, आणि टाच जशीच्या तशी. यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या नसतात, उलटसुलट केलेल्या असतात. म्हणजे सकाळी उठून चहा, डबे, पाणी भरणं सगळं उरकल्यावर निवांत स्ट्रेच करायचा, दिवसभर लादीवर अनवाणी फिरायचं आणि रात्री बर्फ लावायचा, आणि चार दिवस जरा बरं वाटलं की रविवारी थेट येऊरच्या डोंगरावर. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहितेय, मधली पायरी गाळू नका.

आधी प्लांटर फॅसायटिस म्हणजे नेमकं दुखतंय ते काय, तेवढं दोन मिनिटांत. टाचेच्या हाडाच्या खालून, जरा आतल्या बाजूने, एक जाड चिवट पट्टा (प्लांटर फॅशिया) निघतो आणि पुढे बोटांच्या मुळांपर्यंत जातो. तळपायाची कमान तो खालून दोरीसारखी ताणून धरतो. पाऊल उचलताना बोटं वर वळली की तो आणखी घट्ट होतो. त्याला झेपतो त्यापेक्षा जास्त ताण बरेच आठवडे पडत राहिला की टाचेला जिथे तो चिकटलेला असतो तिथले धागे झिजतात, पट्टा तिथे जाडसर होतो आणि दुखायला लागतो. जुन्या दुखण्यात सूज थोडी आणि झीज जास्त असते, त्यामुळे सूज उतरवायच्या गोळ्या खाऊन तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि गोळी थांबली की दुखणं परत हजर. रात्रभर पंजा खाली झुकलेला असतो, पट्टा आखडून बसतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला अख्खं वजन एकदम त्याच्यावर येतं. ती जी कळ येते ना, ती ही.

## पायरी १: हेच दुखणं आहे का ते बघा

पुढच्या गोष्टी जुळल्या तर शक्यता चांगलीच आहे: सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, पाच-दहा मिनिटं चाललं की सुसह्य होतं, मग बराच वेळ बसून उठलं (ऑफिसची खुर्ची, लोकलची सीट, पिक्चर संपल्यावर) की परत तीच कळ, आणि दिवसाच्या शेवटी एक बोथट ठणका.

आता खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि अंगठ्याने टाचेच्या खाली दाबत जा. टाचेच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूला एक नेमका दुखरा बिंदू सापडतो. तो सापडला की दुसऱ्या हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा आणि तिथेच परत दाबा. जास्त दुखलं तर संशय आणखी पक्का.

आणि हे असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि डॉक्टरांकडे जा:

- टाचेच्या दोन्ही बाजूंनी तळहातांनी लिंबासारखं दाबल्यावर जोरात कळ येते, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. हाडाला बारीक तडा असू शकतो, विशेषतः नुकतंच पळणं किंवा चालणं खूप वाढवलं असेल तर.
- चालताना अचानक तळपायात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि नंतर निळसर डाग पडला.
- तळपायात मुंग्या, जळजळ, बधिरपणा, किंवा दुखणं कमरेपासून खाली उतरतंय. ही नसेची भानगड असू शकते.
- दोन्ही टाचा दुखतात, वय कमी आहे, सकाळी कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली असते आणि हालचाल केल्यावर सुटते. याला संधिवाताचे डॉक्टर लागतात, स्ट्रेचने हे जाणार नाही.
- टाच लाल, गरम, सुजलेली आहे, ताप आहे.
- रुग्ण शाळकरी मूल आहे. मुलांची टाच वेगळ्या कारणाने दुखते.

टाचेच्या अगदी मधोमध, मार लागल्यासारखं दुखत असेल आणि सकाळचं असं काही विशेष नसेल, फक्त कडक लादीवर चाललं की दुखत असेल, तर टाचेखालची चरबीची गादी दमलेली असते. त्याला पायरी २ चा फायदा होतो, स्ट्रेचिंगचा फारसा नाही. टाचेच्या मागे दुखत असेल तर ते पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीचं, म्हणजे अकिलीस टेंडनचं, त्याचा व्यायाम वेगळा.

एक्स-रे आणि वाढलेलं हाड: "टाचेचं हाड वाढलंय" हे वाक्य ऐकून लोक जेवढे घाबरतात तेवढं घाबरण्यासारखं त्यात काही नाही. एक्स-रेत ते टोक दिसणारी आणि टाच अजिबात न दुखणारी माणसं भरपूर आहेत, आणि दुखणं पूर्ण थांबल्यावरही ते टोक तिथेच असतं. त्यामुळे ते "विरघळवणाऱ्या" गोळ्या, पुड्या, तेलं यावर पैसे घालवू नका. हाड मोडलंय का अशी शंका असेल तेव्हा एक्स-रे कामाचा, एरवी निदान तपासूनच होतं.

थांबा, डायबेटिस आहे? मग आधी तळपायाची संवेदना तपासून घ्या. ती कमी असेल तर बर्फाची बाटली, गरम पाणी, काटेरी मसाज बॉल यातलं काहीही स्वतःच्या मनाने करायचं नाही, भाजलं किंवा चिरलं तरी कळत नाही.

## पायरी २: तयारी, आणि सुरुवात घरातल्या चपलेपासून

लोक बुटांवर हजारो रुपये घालतात आणि घरी आल्या आल्या दाराशी ते काढून व्हिट्रिफाइड टाइल्सवर अनवाणी चार-पाच तास उभे. घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहा नाहीतर कोपरीच्या चाळीत, लादी ती लादीच. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहणाऱ्या बायकांचं दुखणं म्हणूनच लवकर हटत नाही, त्यांचं "चालणं" कमी असतं पण उभं राहणं प्रचंड.

तर पहिलं काम: फक्त घरात वापरायची एक वेगळी जोडी. एमसीआरची (मऊ, सच्छिद्र रबराची) चप्पल चालेल, टाचेला गादी आणि कमानीला थोडा आधार असलेली कुठलीही मऊ सँडल चालेल. ती बाहेर जायची नाही, बाथरूममध्ये जायची नाही. पलंगाच्या अगदी खाली, पाय सोडला की पायात येईल अशी ठेवा.

"देवघर आहे, सासूबाईंना स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही" हे मी इतक्यांदा ऐकते की त्याचं उत्तर तयारच आहे. ओट्यापुढे आणि देवापुढे जाड मॅट टाका आणि मोज्याच्या आत सिलिकॉनचा हील कप घाला. मोजे चालतात बहुतेक घरांत. चपलेइतकं चांगलं नाही, पण उघड्या टाचेपेक्षा कितीतरी बरं. मॅटचं बूड घसरणारं नको, ओट्यापाशी पाणी सांडलेलं असतंच.

बाहेरचे बूट तपासायची पद्धत अशी. बूट हातात घ्या, टोकाकडून वाकवा. बोटं जिथे वाकतात तिथेच वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर बाद. दोन हातांनी पिळून बघा, ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तर बाद. टाचेमागची भिंत बोटाने दाबा, लगेच आत गेली तर बाद. टाचेची उंची बोटांपेक्षा किंचित जास्त, एक-दोन सेंटीमीटर, असलेली बरी. एकदम सपाट कोल्हापुरी, अंगठ्यात अडकवायच्या रबरी स्लिपर्स, सपाट जुत्या हे सगळं सध्या कपाटात. पावसाळ्यात तर अख्खं ठाणे शहर स्लिपरवर असतं, बूट भिजतात म्हणून; त्या चार महिन्यांसाठी मागे पट्टा असलेली, जाड सोलची पावसाळी सँडल घ्या. महापे-रबाळेच्या एमआयडीसीत सेफ्टी शूज घालणाऱ्यांना बूट बदलायची सोय नसते, त्यांनी आतलं इनसोल काढून जरा चांगलं, कमान असलेलं टाकावं. आधी तयार मिळणारं वापरून बघा, मापाचं महागडं बनवून घ्यायची घाई नको.

बाकी सामान फार नाही: एक टॉवेल, एक जुनी ओढणी, पाण्याची अर्धा लिटरची प्लॅस्टिकची बाटली भरून फ्रीजरमध्ये, आणि मोबाईलमध्ये एक नोट. त्या नोटमध्ये रोज सकाळी एकच आकडा लिहायचा, पहिल्या पावलाला ० ते १० मध्ये किती दुखलं. हा आकडा पुढे फार उपयोगाचा आहे, कंटाळा करू नका.

चेक: हे सगळं जागेवर आलं का? चप्पल पलंगाखाली नसेल तर पायरी ४ ला काही अर्थ नाही.

## पायरी ३: पायावरचा भार कमी करा, पण झोपून राहू नका

इथे दोन टोकं दिसतात. एक गट म्हणतो "चालूनच बरं वाटतं", आणि रोज पाम बीच रोडला तेवढंच चालतो. दुसरा गट पंधरा दिवस पूर्ण आराम करतो, मग पहिल्याच दिवशी आधीएवढं चालतो आणि परत अडकतो. पूर्ण आरामाने पट्टा मजबूत होत नाही, पोटरी मात्र कमकुवत होते.

नियम सोपा ठेवा. चालताना, उभं राहताना दुखणं १० पैकी ३-४ पर्यंत गेलं तर ठीक, पण दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वाढलेला नको. वाढला तर काल जे केलं ते जास्त झालं, आज कमी करा. सुरुवातीला चालणं साधारण निम्मं करा, तेही सपाट जागी. तलावपाळीची फेरी, वाशीचं सागर विहार, नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरचं सेंट्रल पार्क ठीक. येऊरचा चढ आणि खारघरची टेकडी सध्या नाही. चढावर टाच खाली राहते, पोटरी ताणली जाते आणि पट्ट्यावर ओढ वाढते. दम लागायलाच हवा असं ज्यांचं म्हणणं असतं त्यांनी सायकल किंवा पोहणं करावं.

लोकलमध्ये ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत उभं राहायचं असेल तर एकाच पायावर रेलू नका, दर दोन-तीन स्टेशनांनी वजन बदला, बॅग रॅकवर टाका. पुलाच्या पायऱ्या चढताना अख्खं पाऊल पायरीवर ठेवा, नुसता चवडा टेकवून टाच हवेत ठेवली की सगळा भार पट्ट्यावर. एपीएमसीत (वाशीच्या घाऊक बाजारात) दिवसभर उभे असलेले गाळेवाले, शिक्षक, दुकानातले, ट्रॅफिकवाले यांना "उभं राहू नका" सांगणं म्हणजे नोकरी सोडा सांगण्यासारखं, त्यांनी निदान तासाला पाच मिनिटं बसावं आणि उठताना पायरी ४ चा स्ट्रेच करून उठावं.

नवरात्रातलं अनवाणी व्रत, शिर्डीची पदयात्रा, एकवीरेची पालखी, आणि पावसाळ्यात ठाण्याची वर्षा मॅरेथॉन. या गोष्टींच्या नंतरच्या आठवड्यात टाचा घेऊन येणारे लोक ठरलेले. श्रद्धेच्या गोष्टीत मी पडत नाही, पण टाच दुखत असताना हायवेवर अनवाणी शेकडो किलोमीटर चाललात तर पुढचं वर्ष त्यात जाऊ शकतं, हे आधी सांगणं माझं काम.

वजन जास्त असेल तर ते कमी झाल्याने फरक पडतो, पण ते महिन्यांचं काम आहे, बाकीचे उपाय त्यासाठी थांबवू नका.

## पायरी ४: पाय खाली टेकवायच्या आधीचा स्ट्रेच

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. आणि सगळ्यात जास्त चुकीची केली जाते तीही हीच.

१. डोळे उघडले, उठून पलंगावर बसलात, पाय अजून वर. आधी पंजे वर-खाली वीस-एक वेळा हलवा.

२. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या. त्याच बाजूच्या हाताने पायाची पाचही बोटं मुळापासून धरा आणि नडगीच्या दिशेने मागे ओढा.

३. दुसऱ्या हाताचा अंगठा तळपायावर फिरवा. पट्टा तारेसारखा ताणलेला हाताला लागला पाहिजे. लागत नसेल तर ओढ कमी आहे किंवा पकड चुकलीय.

४. १० पर्यंत हळू मोजा, सोडा. असं १० वेळा.

५. आता पाय खाली, थेट चपलेत. लादीवर नाही.

दिवसातून तीन वेळा करायचं. पहिला सकाळचा, बाकीचे दोन बराच वेळ बसल्यावर उठायच्या आधी. ऑफिसमध्ये टेबलाखाली, लोकलमध्ये सीट मिळाली असेल तर आपलं स्टेशन यायच्या आधी बूट काढून. लोक बघतात, बघू दे.

चुका कुठे होतात ते सांगते. बोटांची फक्त टोकं धरून ओढतात, त्याने बोटं दुखतात आणि पट्टा ढिलाच राहतो. झटके देतात. आणि सगळ्यात मोठी चूक, "आधी बाथरूमला जाऊन येते मग करते". ती बाथरूमपर्यंतची दहा पावलंच तर वाचवायची होती! रात्री लघवीला उठत असाल तर तेव्हाही पाच-सहा वेळा ओढूनच उठा.

गुडघे किंवा कंबर धरलेल्या, पाय मांडीवर न येणाऱ्या माणसांनी ओढणी वापरावी. पाय सरळ लांब करून बसायचं, ओढणीचा फास चवड्याला आणि बोटांना घालायचा आणि दोन्ही टोकं स्वतःकडे ओढायची. आजी-आजोबांना तर हेच सांगा.

चेक: दोन आठवडे हे नीट केल्यावर सकाळचा आकडा थोडा तरी खाली सरकलेला दिसतो. अजिबात हलला नसेल तर आधी पायरी २ कुठे निसटतेय ते बघा, व्यायाम दुप्पट करू नका.

## पायरी ५: पोटरी, आणि ती बाटली

पोटरी आखडलेली असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही आणि त्याची भरपाई तळपायाला करावी लागते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची आणि उंच टाचा घालणाऱ्यांची पोटरी हमखास आखडलेली.

भिंतीवर हात टेकवा, दुखरा पाय मागे, बोटं सरळ भिंतीकडे. टाच जमिनीला घट्ट, मागचा गुडघा सरळ, आता पुढे झुका. ३० सेकंद, ३ वेळा. मग तोच पाय थोडा जवळ घ्या, गुडघा वाकवा, टाच तशीच खाली, परत ३० सेकंद, ३ वेळा. पहिल्याने वरची पोटरी ताणली जाते, दुसऱ्याने खोलवरचा स्नायू. बहुतेक लोक दुसरा भाग सोडूनच देतात. मागच्या पायाचा पंजा बाहेर फिरला किंवा टाच उचलली गेली की स्ट्रेच गेला, आरशात बघून करा. सुरुवातीचे दिवस चप्पल घालून.

बाटली हा उपाय छान वाटतो म्हणून लोक त्याच्यावरच थांबतात. फ्रीजरमधली बाटली मोजा घालून, खुर्चीत बसून, तळपायाखाली हळू पुढे-मागे, पाच-दहा मिनिटं, संध्याकाळी. उभं राहून सगळं वजन टाकून फिरवायची नाही, काचेची तर अजिबात घ्यायची नाही. दुखऱ्या बिंदूवर जोर देऊन "गाठ फोडायचा" प्रयत्न नको, तिथे गाठ नाहीये. बर्फ की गरम? ज्याने आराम वाटेल ते. दोन्हींनी दुखणं तात्पुरतं शांत होतं, बरं होत नाही. तेलाचंही तेच, हळू मालिश केलीत तर छान वाटेल, आणि तेल लावल्या पायाने टाइल्सवर चालू नका, घसराल.

## पायरी ६: ताकद

इथपर्यंत आलेली निम्मी माणसं थांबतात, कारण दुखणं कमी झालेलं असतं. मग तीन महिन्यांनी परत फोन. पट्टा आणि पोटरी भार सोसायला तयारच केलेली नसतात, मग काय होणार.

सुरुवात कधी? दोन्ही पायांवर टाचा उचलताना दुखणं ४ च्या आत असेल तेव्हा. बऱ्याच जणांना दोन-तीन आठवड्यांत जमतं, काहींना पहिल्या दिवसापासून.

१. बिल्डिंगच्या जिन्याची खालची पायरी घ्या, कठडा हाताशी हवा. टॉवेलची गुंडाळी करून पायरीवर ठेवा.

२. बोटं गुंडाळीवर, चवडा पायरीच्या कडेला, टाच हवेत. गुंडाळीमुळे बोटं वर वळलेली राहतात, त्यामुळेच पट्ट्यावर भार येतो. गुंडाळी विसरलात तर तो नुसता पोटरीचा व्यायाम झाला.

३. ३ सेकंदांत वर, २ सेकंद तिथेच थांबा, ३ सेकंदांत खाली. मोबाईलवर टायमर लावा, नाहीतर सगळे घाई करतात.

४. १२ वेळा, असे ३ सेट. एक दिवसाआड. आधी दोन्ही पायांवर, जमायला लागलं की फक्त दुखऱ्या पायावर.

५. साधारण दोन आठवड्यांनी पाठीवर सॅक घ्या, त्यात पुस्तकं किंवा पाण्याच्या बाटल्या. वजन वाढलं की वेळा कमी: १० वेळा ४ सेट, नंतर आणखी वजन आणि ८ वेळा ५ सेट.

डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात हा व्यायाम करणाऱ्यांना नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा तीन महिन्यांनी जास्त आराम होता, वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखे होते. म्हणजे जादू नाही, पण लवकर उभं करतो, आणि माझ्या मते ज्यांचं काम उभ्याचं आहे त्यांना याशिवाय गत्यंतर नाही.

सावध: रोज करू नका, पट्ट्याला सावरायला मधला दिवस लागतो. उड्या, झटके नाहीत. तोल जात असेल, वय झालं असेल तर जिना सोडा आणि ओट्याला धरून जमिनीवरच गुंडाळी ठेवून करा. व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा चढला तर वजन उतरवा.

## पायरी ७: परत चालायला, पळायला

सकाळचा आकडा सलग दोन आठवडे १-२ वर राहिला की वाढवायला सुरुवात. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा: वेळ, नाहीतर वेग, नाहीतर चढ. तिन्ही एकदम नाही. पळणाऱ्यांनी आधी अर्धा तास भरभर चालून बघावं, मग एक मिनिट पळणं दोन मिनिटं चालणं असं करत जावं. नवे बूट आणि नवं अंतर एकाच दिवशी नको.

वेळ किती लागतो हे प्रत्येकजण विचारतो. नीट केलंत तर दीड-दोन महिन्यांत स्पष्ट फरक, तीन-चार महिन्यांत बरंचसं काम, आणि काहींना वर्ष. बहुतेक लोक ऑपरेशनशिवाय वर्षभरात बरे होतात. मधे एखादा आठवडा वाईट जाणार, लग्नसराईत नाहीतर गणपतीत उभं राहणं वाढलं की जातोच. तेव्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, दोन-चार दिवस पायरी ३ वर या आणि परत पुढे जा. ताकदीचा व्यायाम मात्र दुखणं गेल्यावरही आठवड्यातून दोनदा काही महिने चालू ठेवा.

## पायरी ८: तीन महिन्यांत फरक नाही पडला तर

मग ऑर्थोपेडिककडे किंवा फिजिओकडे जा, आणि तिथे काय काय निघू शकतं ते आधी माहीत असू दे.

टेपिंग: तळपायाला विशिष्ट पद्धतीने चिकटपट्टी लावतात, काही दिवस चांगला आराम. सुरुवातीलाही करता येतं, विशेषतः लग्नकार्य तोंडावर असेल तर. रात्री घालायचा स्प्लिंट पंजा सरळ धरून ठेवतो, सकाळची कळ फारच वाईट असेल त्यांना उपयोगी, पण आपल्याकडच्या उकाड्यात तो घालून झोपणं अवघड आणि बरेच जण दुसऱ्या रात्री काढून टाकतात.

पेन किलर थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून. ॲसिडिटी, बीपी, किडनीचा त्रास असलेल्यांनी मेडिकलवाल्याला विचारून परस्पर घेऊ नये.

स्टेरॉइडचं इंजेक्शन. याने पटकन बरं वाटतं, काही आठवडे. धोका असा की पट्टा तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, आणि हा धोका वारंवार घेतल्याने वाढतो. डायबेटिसवाल्यांची शुगर काही दिवस चढते. कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण पायऱ्या १ ते ६ न करता पहिल्या भेटीतच सुई, हा क्रम मला पटत नाही. आणि घेतलंत तर दुखत नाही म्हणून लगेच पळू नका, बधिर झालेली टाच म्हणजे बरी झालेली टाच नव्हे.

शॉकवेव्ह: मशीनने टाचेवर दाबाचे ठोके देतात, बहुतेकदा आठवड्याला एक अशी तीनेक सेशन्स. महिनोनमहिने जुन्या दुखण्यात उपयोग होतो, देताना दुखतं, आणि व्यायाम चालूच ठेवावा लागतो. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते, तीही सहा-बारा महिने सगळं नीट करून झाल्यावर.

हाड बसवणाऱ्यांकडे जाऊन टाच ठोकून घेणं, पायाखाली तुडवून घेणं टाळा. आधीच झिजलेल्या जागेवर आणखी मार बसतो.

डॉक्टरांकडे जाताना मोबाईलमधली ती सकाळच्या आकड्यांची नोट न्या, कुठला व्यायाम किती आठवडे केला ते सांगा, डायबेटिस-थायरॉइडचे रिपोर्ट असतील तर फाइलमध्ये घाला. आणि रोज वापरता ते झिजलेले बूट आणि घरातली चप्पल पिशवीत घालून घेऊन जा, तपासायला जाताना लोक नेमके नवे कोरे घालून येतात आणि मग सोल कुठल्या बाजूने झिजलाय ते कळतच नाही.